आमचं खोपटं सरकारच्या तळ्यात

"मिस लुएला, समजा एखाद्याचं बदकं मारायचं खोपटं वादळाने उचललं आणि थेट सरकारी अभयारण्यात नेऊन ठेवलं. आता तो माणूस आपल्याच खोपट्यात, आपल्याच बाकावर बसला आणि त्याने बदक मारलं, तर गुन्हा कुणाचा? त्याचा की वादळाचा?"

हा प्रश्न मी विचारला! भर वर्गात, उभी राहून, खणखणीत आवाजात. विचारून दाखव अशी पैज वर्गातल्या ब्रियान आणि माडलिनने लावली होती आणि बक्षीस होतं ब्रियानच्या आईने केलेले चार बूदँ. भाताने भरलेल्या त्या सॉसेजसाठी मी वॉर्डनलाच काय, गव्हर्नरलाही प्रश्न विचारला असता.

तसंही हल्ली मला कुणाचीच भीती वाटत नाही. जुलैमध्ये माझ्या दातांवरची तार निघाली. तीन वर्षं मी हसताना तोंडावर हात धरत होते. तार निघाली आणि त्या दिवसापासून माझं तोंड बंद झालेलं नाही, असं ममा म्हणते. ती जरा वाढवून सांगते. झोपेत मी गप्प असते.

वर्ग खदखदून हसला. वर्ग म्हणजे ट्रेलर, चाकांवरची पत्र्याची खोली. ऑगस्टच्या वादळाने आमच्या शाळेचं छप्पर काढून नेलं, तेव्हापासून शेनिए तॉर्तू या आमच्या गावाची सगळी शाळा सहा ट्रेलरांत भरते आणि मागच्या बाकावरचा कुणी हसला की पुढचा फळा हलतो. फळा हलत होता. मिस लुएला ब्रासो मात्र हसल्या नाहीत. त्या वन्यजीव खात्याच्या वॉर्डन. शिकारीच्या परवान्याचा अभ्यासक्रम शिकवायला दर बुधवारी यायच्या. त्यांनी खिशातून वही काढली.

"कुणाचं खोपटं?"

"कुणाचंच नाही, मॅम! उदाहरण म्हणून."

"उदाहरणाचं आडनाव काय?"

मी खाली बसले.

आता मागचं सांगायला हवं. आमचं गाव समुद्रापासून चार मैलांवर, ओक झाडांच्या एका लांबट उंचवट्यावर आहे. चारी बाजूंनी दलदल. पापा दलदलीत खोपटं बांधतात आणि शहरातून आलेल्या शिकाऱ्यांना तिथे बदकांच्या मोसमात घेऊन जातात. आमचं घर त्याच्यावर चालतं. खोपटं म्हणजे सायप्रसच्या फळ्यांचा लांबट खोका, बाहेरून गवताने शाकारलेला, आत एक बाक आणि कॉफीची शेगडी. समोर पाण्यात खोटी बदकं तरंगत ठेवायची आणि शिटी वाजवून खरी बोलवायची. ऐकायला सोपं आहे. शिटी वाजवणं सोपं नाही, पण ती मला येते. तारेमुळे तीन वर्षं नीट जमत नव्हती, आता अशी वाजते की तळ्यातली बदकंच काय, ब्रियानचा कुत्राही धावत येतो. आणि पंख पाहून पक्षी ओळखायच्या परीक्षेत मला पंचवीसपैकी पंचवीस मिळाले होते. हे मी सहज सांगतेय. नंतर लागेल.

तर वादळ आलं. आमचं छप्पर वाचलं, नोंक युलिसचं गेलं. नोंक म्हणजे काका, पापांचे थोरले भाऊ. ते आता आमच्या अंगणात सरकारी ट्रेलरमध्ये राहतात आणि तिन्ही वेळा आमच्याकडे जेवतात. पण खरं नुकसान दलदलीचं झालं. समुद्र आत आला, आठ फूट चढला आणि गोड्या पाण्याच्या तळ्यांत मीठ सोडून गेला. बदकं ज्या गवताचं बी खातात ते गवत मिठाने करपलं. काही ठिकाणी तर लाटेने गवताचा अख्खा थर मुळासकट सोलून, सतरंजीसारखा गुंडाळून कडेला ठेवला होता. ऑक्टोबरमध्ये उत्तरेकडून बदकं आली, वरूनच खाली पाहिलं आणि आल्या पावली भाताच्या शेतांकडे वळली. लग्नाला यावं आणि मांडवात जेवणच नाही असं कळावं, तशी!

गिऱ्हाइकं फोन करून विचारायची, "आल्सीद, बदकं आहेत का?" आणि पापांना खोटं बोलता येत नाही. "नाहीत," असं म्हणून ते फोन ठेवायचे. एकेक करून सगळ्यांनी नाव काढून घेतलं.

एके दिवशी जेवताना पापा म्हणाले, "मोसमाच्या पहिल्या शनिवारी आपण आपल्या तळ्यावर बसू. सकाळी आठपर्यंत एक जरी बदक पाण्यावर उतरलं, तर हे वर्ष इथे काढू. नाही तर लाफियेत शहरात जायचं. तुझ्या मावशीच्या नवऱ्याने गोदामात काम बघून ठेवलंय."

दुसऱ्या दिवशी ममाने दुकानातून रिकामे खोके आणले.

लाफियेत वाईट नाही. पण तिथे घरामागे दलदल नसते, दुसऱ्याचं घर असतं.

बसायचं तर खोपटं हवं आणि खोपटं वादळात गेलेलं. मग रविवारी नोंक खेकड्यांचे पिंजरे शोधायला गेले आणि ओरडतच परत आले.

"आल्सीद! सापडलं! सात मैलांवर! उभंच्या उभं! तोंडसुद्धा बरोबर दक्षिणेला!"

"कुठे?"

"अभयारण्यात."

पापांनी डोळे मिटले.

आमच्याकडे वादळानंतरचा एक रिवाज आहे. ज्याची वस्तू जिथे सापडेल तिथून ती त्याला परत द्यायची आणि कुणी काही विचारायचं नाही. म्हणून प्रत्येक घराची खूण वस्तूवर डागलेली असते. आमचा फ्रीज चर्चच्या पायरीवर सापडला, तो पाद्रीबाबांनी आणून दिला, आतल्या सडलेल्या कोळंबीबद्दल चकार शब्द न काढता. नोंकचं म्हणणं होतं की खोपट्यावर आपली खूण आहे, म्हणजे खोपटं आपलं, आणि आपल्या खोपट्यात आपण बसू शकतो. पापांचं म्हणणं होतं की ओढून आणायचं आणि इथे बसायचं. त्या दोन म्हणण्यांमधून माझा प्रश्न निघाला होता.

मिस लुएलांनी उत्तर दिलं होतं, आणि नीट दिलं होतं. "खोपटं तुमचं, तळं सरकारचं. ओढून न्यायला माझी हरकत नाही. आदल्या दिवशी फोन करा, मी स्वतः हजर राहीन. होडीत बंदूक असता कामा नये. आणि तिथे बसून शिकार केली तर गुन्हा वादळाचा नाही, माणसाचा."

एवढं साधं उत्तर! पण ट्रेलरात चाळीस पोरं होती आणि प्रत्येक पोराच्या घरी एक तरी बंदूक. गुरुवारी संध्याकाळी पापा दुकानातून परत आले ते गोंधळलेलेच.

"ओदेत, आज मला तिघांनी मिठी मारली. का?"

"प्रेमाने, पापा."

"एक जण म्हणाला, 'आल्सीद, नशीब काढलंस! वॉर्डन स्वतः तुझ्याबरोबर बसणार म्हणे.'"

मग मला सांगावं लागलं. मी सांगितलं की मी फक्त उदाहरण दिलं, आणि वॉर्डननी खोपटं न्यायला हो म्हटलंय, आणि मी आजच तुमच्या नावाने फोनही... एवढ्यात दार उघडून नोंक आत आले.

"वॉर्डन हो म्हणाली? कोण म्हणतं शाळेत काही शिकवत नाहीत!"

"नोंक, पुढचं ऐका..."

"पुढचं मला ठाऊक आहे!" असं म्हणून ते आले तसे गेले. पापांना तेवढ्यात गिऱ्हाइकाचा फोन आला. "नाहीत," पापा फोनमध्ये म्हणाले. त्यानंतर त्यांचा चेहरा पाहून पुढचं सांगायचं माझं धाडस झालं नाही. म्हणजे बंदूक नको ही अट आणि वॉर्डन येणार ही बातमी, दोन्ही माझ्या पोटातच राहिल्या. उत्तराचा चांगला अर्धा भाग गावभर फिरला आणि वाईट अर्धा मी सांभाळून ठेवला!

शुक्रवारी शाळा सुटल्यावर आम्ही तिघं होडीतून निघालो. नोंकनी होडीत दोर, पहार, कॉफी आणि एक गुंडाळलेली ताडपत्री टाकली. ताडपत्री कशाला, असं मी विचारलं. "पाऊस आला तर," नोंक म्हणाले. आभाळ नुकत्याच धुतलेल्या ताटासारखं लख्ख होतं.

सात मैल आम्ही करपलेल्या तपकिरी गवतातून गेलो. मग अभयारण्याचा बांध आला. त्याच्या पलीकडे एकदम हिरवं! हा बांध वादळात टिकला होता, म्हणून समुद्र आत शिरला नव्हता. एवढ्या उंच बांधावरून फक्त आमचं खोपटं तेवढं पोचलं होतं. ते तळ्याच्या मधोमध उभं होतं आणि त्याच्याभोवती बदकं, हजारोंनी. राखी बदकं, छोटी बदकं, हिरव्या डोक्यांचे नर. आम्हाला पाहून एकही उडालं नाही. जरा बाजूला सरकून त्यांनी वाट दिली.

आत बाक होता. पापांची कॉफीची किटली खिळ्याला तशीच लटकत होती. पापा बसले, मीही बसले, नोंकही बसले.

"ही गेल्या वर्षी आपल्याकडे होती," पापा म्हणाले.

"अजूनही आहेत," नोंक म्हणाले. "बाक आपलाच आहे ना?" आणि त्यांनी हळूच होडीतली ताडपत्री ओढून घेतली. तिच्यातून डोकावलेलं बंदुकीच्या नळीचं टोक फक्त मला दिसलं; पापा बदकांकडे बघत होते.

तेवढ्यात इंजिनाचा आवाज आला!

"कोण असेल?" पापा उठले. ताडपत्री पटकन होडीत गेली.

"मिस लुएला," मी म्हणाले. "मीच बोलावलंय. सांगणारच होते."

नोंकनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी फ्रीजमधली ती कोळंबी आहे.

मिस लुएलांची होडी शेजारी लागली. "नमस्कार, आल्सीद. उदाहरण तूच होतास तर!" वही निघाली. "होडीत बंदूक?"

"नाही," पापा म्हणाले, अगदी मनापासून, कारण त्यांना ठाऊकच नव्हतं.

"आहे!" मी म्हणाले.

तिघंही माझ्याकडे पाहू लागले. मी काही सत्यवचनी वगैरे नाही. पण पापांना खोटं बोलता येत नाही, आणि नकळतसुद्धा ते खोटं ठरू नयेत एवढंच मला वाटलं. "ताडपत्रीत. पण नोंकचा दोष नाही, मॅम! बंदूक नको हे मी त्यांना सांगितलंच नाही. आणि ती त्यांनी उचललीही नव्हती, फक्त टोक दिसत होतं! आणि ते तसे प्रामाणिक आहेत, तुमची पाटीसुद्धा ते परत करणारच आहेत!"

"कसली पाटी?"

"'शिकारीस सक्त मनाई' वाली. वादळात वाहत आली होती. खुराड्याला दार म्हणून बसवलीय. कोंबड्यांना फार आवडते."

नोंक आकाशाकडे बघू लागले. बहुधा पाऊस शोधत होते.

मिस लुएलांनी बंदूक जमा करून घेतली, पावती दिली, सुनावणीची तारीख लिहिली आणि म्हणाल्या, "पाटी उद्या सकाळी सातच्या आत माझ्या कार्यालयात. आणखी काही सांगायचंय, ओदेत?"

समजूतदार मुलीने इथे नाही म्हटलं असतं.

"उद्या आठपर्यंत आमच्या तळ्यावर बदक उतरलं नाही, तर आम्ही गाव सोडून लाफियेतला जाणार आहोत!"

पापांची मान खाली गेली. हे त्यांनी गावात कुणालाच सांगितलं नव्हतं. दातांवर पुन्हा तार बसवून घ्यावी, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

मिस लुएलांनी वही मिटली. "आल्सीद, तुझ्या तळ्याचं पाण्याचं दार उघडं आहे?"

"अडकलंय. अर्ध्या गावाची लाकडं त्यात रुतलीत."

"ती काढ. उत्तरेचा वारा सुटला की पाणी उतरतं, तेव्हा दार उघडं ठेव. मीठ बाहेर जाईल, वरून पाऊस पडेल. दोन हिवाळ्यांत गवत परत येतं. माझ्या वडिलांकडे आलं होतं."

"आणि दोन हिवाळे आम्ही खायचं काय?"

मिस लुएलांनी आपल्या होडीचा दोर आमच्या दोराला जोडला आणि दोन्ही होड्यांनी मिळून खोपटं चिखलातून उपटलं. दात उपटल्यासारखा आवाज झाला. बांधातल्या दारातून ते बाहेर काढताना एक फळी गेली, पण अंधार पडायच्या आत आमचं खोपटं आमच्या तळ्यात उभं होतं. करपलेल्या गवतात, मिठाच्या पाण्यात!

शनिवारी पहाटे पापा आणि मी बाकावर बसलो. नोंक पाटी उतरवायला घरी थांबले होते. समोर एकोणीस खोटी बदकं, वादळाआधीच्या एकशेवीसपैकी उरलेली. त्यातल्या एकाला डोकं नव्हतं.

उजाडलं. साडेसहा झाले, सात झाले. एक बगळा आला, आमच्याकडे पाहून शरमला आणि गेला. पापांनी घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. मला एक गोष्ट विचित्र वाटत होती. दरवर्षी पहिल्या दिवशी आमच्या आजूबाजूच्या सगळ्या खोपट्यांतून ढिशाँव ढिशाँव चालू असतं. आज आसपास चिटपाखरू नव्हतं.

"सगळे गेले कुठे?" मी विचारलं.

पापांनी पूर्वेला बोट दाखवलं. लांबवर, अभयारण्याच्या दिशेला, इंजिनांची घरघर चालली होती. बुधवारी माझ्या प्रश्नाचं उत्तर ट्रेलरातून निघालं होतं, गुरुवारी त्याची परवानगी झाली होती आणि शुक्रवारी त्याचं आमंत्रण. वॉर्डन यंदा हद्दीपर्यंत सोडतेय म्हणे! सगळं गाव अभयारण्याच्या बांधाबाहेर दाटीने जाऊन बसलं होतं. जत्रेत पाळण्यापाशी बसतात तसं!

साडेसातला तिकडे पहिला बार वाजला, मग दुसरा, मग मोजता येईनात एवढे. आणि पूर्वेचं आभाळ काळं झालं. बांधावरच्या गोंगाटाने अर्धं तळं उठलं होतं. थवे वर चढले, फिरले, उत्तरेला गेले, पुन्हा वळले. जिकडे जावं तिकडे बंदुका. मैलोगणती दलदलीत शांत पाणी एकाच ठिकाणी होतं. खारट होतं, उपाशी होतं, पण शांत होतं. वादळाने गवत सोलून नेल्यामुळे आमचं तळं पूर्वीच्या दुप्पट मोठं आणि उघडं दिसत होतं.

मी शिटी तोंडाला लावली. आधी लांब हाक, पाच सुरांची. एक छोटा थवा कलला. मग खाण्याच्या वेळची बारीक कुरकुर. थवा वळला, आमच्या डोक्यावरून गेला, पंखांचा आवाज ऐकू आला. मी पुन्हा फुंकर मारणार तोच पापांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बस. आता गप्प."

गप्प! शिटी ओठांशी, छातीत हवा भरलेली, आणि थवा परत वर चाललेला! एक हाक मारली तर येतील असं वाटत होतं. जुलैपासून मी एवढा वेळ तोंड मिटून धरलं नव्हतं. माझे कान वाजायला लागले. थव्याने एक फेरी घातली, मग दुसरी. तिसऱ्या फेरीला पंख वाकले, पाय पुढे आले आणि बिनडोक्याच्या बदकाशेजारी सहा राखी बदकं पाण्यावर उतरली.

पापांनी बंदूक उचललीच नाही. त्यांनी मांडीवरचं घड्याळ उचललं.

"सात सत्तेचाळीस," ते म्हणाले आणि नाक पुसलं. थंडी होती खरी.

त्यानंतर दहा वाजेपर्यंत पापांनी चार मारली. चारच. परत येताना एका गिऱ्हाइकाचा फोन आला. "आल्सीद, बदकं आहेत का?" पापा जरा थांबले. "थोडी आहेत," ते म्हणाले. "खायला येत नाहीत, विसाव्याला येतात. चालत असेल तर या." पुढच्या शनिवारी येतो म्हणाला!

रात्री ममाने मोठ्या पातेल्यात गंबो, म्हणजे आमच्याकडचा मांसाचा रस्सा, केला. तेलात पीठ काळपट होईपर्यंत परतून, घट्ट. रिकाम्या खोक्यांपैकी एकात नोंकनी पाय ताणले होते. ममा वाढत होती आणि मी मोजत होते. एक तंगडी, दोन, पाच, आठ. नऊ! दहा! माझा हात थांबला. चार बदकांना आठ तंगड्या असतात. पातेल्यात चौदा निघाल्या. म्हणजे तीन बदकं जास्तीची. आणि नोंक सकाळी घरी होते. एकटे. त्यांची बंदूक जमा होती, पण आमच्या घरात अजून दोन आहेत, आणि अभयारण्याची वाट त्यांना पाठ आहे.

मी खुर्ची मागे सारून उभी राहिले.

"पापा, ममा, मी एक निर्णय घेतलाय. शाळा झाली की मी वॉर्डन होणार."

आमच्या घरात चार पिढ्या बदकं मारतात आणि चार पिढ्या वॉर्डनला पाहून रस्ता बदलतात. ममाच्या हातातला डाव तसाच राहिला. पापांना घास लागला.

"आणि पहिली चौकशी आत्ताच! नोंक, तीन बदकं कुठून आली?"

नोंकनी एक तंगडी उचलली, चाटली, पुसली आणि माझ्यासमोर धरली.

"सकाळी सातच्या आत दार वॉर्डनकडे पोचवलं, बाईसाहेब. बिनदाराच्या खुराड्यात कोंबड्या पळवणाऱ्या रॅकूनसाठी कोंबड्या ठेवायच्या होत्या का? या माझ्या तीन कोंबड्या आहेत. पंचवीसपैकी किती मिळाले होते म्हणालीस?"

पापा हसता हसता टेबलावर वाकले. ऑगस्टनंतर पहिल्यांदाच.

"पंखांची परीक्षा होती," मी म्हणाले. "तंगड्यांची नव्हती."

मी खाली बसले. मग पुन्हा उठले, कारण निर्णय तो निर्णय.

"तरीही वॉर्डनच होणार. आणि इथेच."